टूरच्या बॅगेत व्यायामाचं सामान न्यायचं तर नक्की काय न्यायचं?

पत्र थोडक्यात असं आहे. कोल्हापूरच्या एक ताई, वय ४३, पतसंस्था आणि दूध संस्थांचं ऑडिट करणाऱ्या फर्ममध्ये नोकरी. महिन्यातल्या दहा-बारा रात्री बाहेरगावी, कधी सोलापूर-लातूरकडं, कधी घाट उतरून रत्नागिरी-सिंधुदुर्गात. प्रवास एसटीनं, आतल्या गावाला वडापनं, म्हणजे सीट भरून सुटणाऱ्या खासगी जीपनं, मुक्काम लॉजवर. घरी असल्या की जिमला जातात, सकाळी रंकाळा तलावाला फेरी असते, वजनही बऱ्यापैकी उतरवलंय. पण टूर लागली की सगळं बंद आणि परत आल्यावर 'पुन्हा पहिल्यापासनं'. म्हणून आता प्रवासात नेता येईल असं सामान घ्यायचं ठरवलंय. ऑनलाइन कार्टमध्ये ताणून व्यायाम करायच्या रबरी बँडचा सेट, पाणी भरायचे डंबेल, दारात अडकवायचे सस्पेन्शन स्ट्रॅप, दोरीच्या उड्यांची दोरी, ट्रॅव्हल मॅट, जोर काढताना धरायचे पुशअप बार आणि पोटाच्या व्यायामाचं चाक म्हणजे ॲब रोलर असं नऊ हजारांच्या वरचं सामान पडून आहे. मिस्टर तरुणपणी तालमीत जायचे, ते म्हणतात "जोर-बैठका मार की, त्याला काय सामान लागतंय." डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. आणि रूम बहुतेक वेळा ऑफिसमधल्या एका सीनियर मॅडमबरोबर शेअर असते. ताईंचा प्रश्न एवढाच की यातलं काय घेऊ.

ताई, काय घ्यायचं ते सांगतोच, पण आधी मला तुमच्याच पत्रातली एक गोष्ट दाखवायचीय. तुम्ही धरून चाललाय की टूरवर व्यायाम बुडतो कारण तिथं सामान नसतं. बरं, जिमचं समजलं, जिम काही बॅगेत घालून नेता येत नाही. पण रंकाळ्याच्या फेरीला कुठलं सामान लागतं हो? एक बूट. ते तर पायातच असतात. तरी चालणं पण टूरवर बंदच पडतं असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे अडतंय ते दुसरंच काहीतरी आहे, आणि ते नऊ हजारांचं पार्सल घरी आलं तरी तसंच अडून राहील. माझा अंदाज विचाराल तर ते तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेल्या त्या रूम शेअरिंगच्या वाक्यात आहे. त्याच्याकडं येतो नंतर.

दुसरं ते 'पुन्हा पहिल्यापासनं'. हे खरंच तसं असतं का बघा. तुमची टूर एका वेळी किती, चार रात्री, फार तर पाच. एवढ्यात कमावलेली ताकद जात नाही. दोन-तीन आठवडे काहीच केलं नाही तरी ताकद बऱ्यापैकी टिकून राहते, दम मात्र त्याच्या आधी कमी व्हायला लागतो, त्यामुळं आल्यावर पहिल्या दिवशी धाप लागते आणि आपल्याला वाटतं सगळं गेलं. शिवाय बसमध्ये सहा-सहा तास बसून कंबर आखडलेली असते, झोप नीट झालेली नसते, लॉजखालच्या हॉटेलातलं तेलकट खाणं झालेलं असतं, त्यात पहिला दिवस जडच जाणार. तो थकवा असतो, तुमची मेहनत वाया गेल्याचा पुरावा नव्हे. आणि कमावलेलं टिकवायला जेवढं करावं लागतं ते कमवायला केलं त्याच्या मानानं बरंच कमी असतं, फक्त जे करायचं ते जोर लावून करायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि आठवड्यातनं किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगितलाय. दोन दिवस. म्हणजे चार रात्रींच्या टूरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांचा एक व्यायाम झाला, आणि एक घरी आल्यावर जिममध्ये, की ताकदीच्या व्यायामापुरता तो आठवडा भरला. तुम्ही मात्र टूरवर रोज जिमसारखा तासभर व्यायाम करायचं डोक्यात धरलंय, आणि तसं होत नाही म्हणून काहीच करत नाही. बरेच फिरतीवाले हेच करतात, औषध कंपन्यांची एमआर मंडळी, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतनं माल विकायला पुणे-बेंगळुरूला जाणारी पोरं, सगळी.

आता मिस्टरांचं. कुस्त्यांच्या खासबाग मैदानाच्या गावात जोर-बैठकांना नावं ठेवायची माझी काही टाप नाही, आणि त्यांचं अर्ध्याहून जास्त बरोबरच आहे. जोरात छाती, खांदे, दंडाची मागची बाजू सगळं येतं, बैठकांत मांड्या आणि कंबर येते, खर्च शून्य. पण त्यांना एक विचारा, तालमीत नुसत्या जोर-बैठकाच होत्या काय? दोरखंडावर चढायचे की नाही? आणि रोज लढत असायची, म्हणजे समोरच्याला धरून ओढायचं, खेचायचं, मानगूट पकडून खाली घ्यायचं. पाठीला आणि हाताच्या पकडीला मेहनत तिथनं मिळायची. लॉजच्या खोलीत तुम्ही एकट्या जोर काढाल, बैठका माराल, पण ओढायला समोर कोणी नाही. ढकलणं आणि उठणं-बसणं शरीराच्या वजनावर होतं, ओढणं होत नाही. दिवसभर वाकून व्हाउचर तपासणाऱ्या बाईच्या पाठीला तर नेमकं ओढण्याचंच काम पाहिजे. तेव्हा सामान घ्यायचं ते ही एक उणीव भरून काढणारं, बाकी तुमच्याकडं आहे.

त्यामुळं कार्टमधलं ठेवायचं ते फक्त बँड. तो पण पाच-सात नळ्यांचा, हँडल-हुक-पट्ट्यांचा सेट नको, त्यातले निम्मे भाग पिशवीतनं कधी बाहेरच येत नाहीत. लांब, चपटा, गोल जोडलेला असा लूप बँड मिळतो, साधारण ४१ इंचाचा, असे दोन घ्या, एक हलका एक मध्यम. एक लक्षात ठेवा, रंगावर जाऊ नका, एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या लालएवढा कडक असेलच असं नाही, रुंदी बघा, जेवढा रुंद तेवढा जड. त्यावर छापलेले किलोचे आकडे पण फार मनावर घेऊ नका कारण बँड जेवढा ताणाल तेवढा तो जड होत जातो, सुरुवातीला काहीच नाही आणि शेवटी भरपूर. दोन बँड मिळून जेमतेम पावशेर-अर्धा किलो, घडी करून साडीच्या घडीत सुद्धा बसतात. रबराची ॲलर्जी असेल, म्हणजे हातमोजे-फुगे यांनी खाज येत असेल, तर लेटेक्स नसलेला बघून घ्या.

पाण्याचे डंबेल मात्र काढून टाका. जाहिरातीत फार भारी दिसतात, रिकामे हलके, तिथं जाऊन नळाखाली भरायचे. पण हिशोब तुम्हीच करा, तुमचं कामच ते आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. जिममध्ये तुम्ही पाच-पाच किलोचे डंबेल उचलत असाल तर प्रत्येक हातात पाच लिटरचं भांडं पाहिजे. एवढं पाणी भरायचं, गळतंय का बघायचं, परत ओतायचं, वाळवायचं, आणि लॉजला सकाळी पाणी कधी येतं ते वेगळंच. त्यापेक्षा तुमची लॅपटॉपची सॅक आहे की. लॅपटॉप बाहेर काढा आणि दोन लिटरच्या दोन-तीन बाटल्या आणि एखादी जाडजूड फाईल आत घाला, वजन तयार. पोटाशी धरून बैठका मारा नाहीतर एका हातात घेऊन कंबरेतनं वाकून कोपर मागं ओढा.

सस्पेन्शन स्ट्रॅप ही वस्तू चांगलीच आहे, उगाच वाईट म्हणणार नाही. टीआरएक्स नावानं जी प्रसिद्ध झाली ती मूळची अमेरिकन नौदलाच्या सील पथकातल्या रँडी हेट्रिक या माणसाची कल्पना, मोहिमेवर असताना जिऊजित्सू या जपानी झटापटीच्या खेळातला कमरेचा पट्टा आणि पॅराशूटची पट्टी जोडून १९९७ च्या सुमारास त्यानं पहिला स्ट्रॅप बनवला. ओढण्याचा व्यायाम त्यावर बँडपेक्षा सरस होतो. पण ती अडकवायला दणकट दार लागतं आणि सगळं अंग त्या दारावर टाकायचं असतं. तुम्ही राहता त्या लॉजचं दार आठवा. खोलीचं मुख्य दार बहुतेक ठिकाणी आत उघडतं, म्हणजे आत उभं राहून ओढलं की सगळा भार नुसत्या कडीवर येतो. नियम असा की दार आपल्यापासून पलीकडं उघडणारं पाहिजे, म्हणजे ओढलं की ते चौकटीत आणखी घट्ट बसतं. खोलीतनं बघितलं तर तसं दार बाथरूमचं असतं, पण ते निघतं पीव्हीसीचं, हात लावला तर हलणारं. त्याच्यावर ४३ वर्षांचं अंग टाकायचं नाही. चांगल्या हॉटेलात राहणाऱ्यांनी, लाकडी जाड दारं असतात त्यांनी, जरूर घ्यावा. तुम्ही सध्या नको.

दोरी पण नको. गुडघा जिना उतरताना बोलतोय त्याला उड्या मारून आणखी बोलायला लावू नका, शिवाय वर पंखा आणि खाली झोपलेलं गिऱ्हाईक. पुशअप बार, ॲब रोलर, मॅट यांच्यावर फार लिहिण्यासारखं नाही. बार मनगट दुखणाऱ्यांना कामाचे, रोलर पाठीची ताकद तयार असेल त्यालाच, आणि रबराची ती दीड-दोन मिलिमीटरची मॅट सुद्धा किलोभर भरते, एसटीत मांडीवर बॅग घेऊन बसणाऱ्याला एक किलो म्हणजे किती ते तुम्हाला माहिताय.

आता करायचं काय ते. गुडघ्यासाठी बैठका तालमीतल्या नकोत, पलंगाच्या कडेला बसायचं आणि हात न टेकता उठायचं, खाली जाताना मनात चार मोजत सावकाश. दुखलं तर पलंगावर उशी किंवा ब्लँकेटची घडी ठेवून बसायची जागा उंच करा. सोपं व्हायला लागलं की सॅक पोटाशी धरा. जोर जमिनीवर निघत नसतील तर हात पलंगाच्या कडेवर ठेवून काढा, पलंग भिंतीला टेकलेला असू दे, सरकला तर तोंडावर पडाल. मग बँड. जमिनीवर पाय सरळ करून बसायचं, बँड दोन्ही तळव्यांना मधोमध अडकवायचा, बूट घालूनच, कारण अनवाणी पायावरनं बँड सटकला तर सरळ तोंडावर येतो, आणि पाठ ताठ ठेवून कोपरं कमरेच्या मागं ओढायची. दार नको, खिडकी नको, काही नको. त्यानंतर उभं राहून बँड छातीसमोर दोन्ही हातांत धरून बाजूला फाकवायचा, दिवसभर वाकलेल्या खांद्यांना याच्यासारखं औषध नाही. शेवटी बँडवर दोन्ही पाय ठेवून, दुसरं टोक हातात धरून, गुडघे किंचित वाकवून कंबरेतनं पुढं वाकायचं आणि ताठ व्हायचं, यात कुल्ले आणि मांडीची मागची बाजू येते आणि गुडघ्यावर ताण कमी पडतो.

प्रत्येकाचे दहा ते पंधरा, असे तीन राउंड. आकड्यापेक्षा एक बघा, थांबताना आणखी दोन-तीनच निघाले असते असं वाटलं पाहिजे. पंधरा झाले आणि गप्पा मारता येतायत तर तो बँड तुमच्यासाठी हलका आहे. श्वास कोंडून धरायचा नाही, बीपी असणाऱ्यांनी तर अजिबात नाही. आणि गुडघ्याचं म्हणाल तर नुसतं कुरकुरणं एक आणि सूज येणं, अडकणं, पाय एकदम लटका पडणं वेगळं, तसं काही असेल तर बँड घ्यायच्या आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता त्या मॅडम. मला वाटतं खरी अडचण हीच आहे, की सीनियर बाईसमोर ट्रॅक पँट घालून जमिनीवर पाय पसरून बसायचं कसं, त्या काय म्हणतील, उद्या ऑफिसात सांगतील काय. यात हसण्यासारखं काही नाही, तालमीत पोरांना हा प्रश्न येत नाही कारण तिथं सगळेच लंगोटावर असतात, बायकांच्या वाट्याला अशी जागाच फार कमी आली. यावर उपाय दोन-तीन आहेत, तुमच्या मॅडम कशा आहेत त्यावर ठरवा. एक, पहिल्याच संध्याकाळी चहा घेताना सरळ सांगून टाकायचं, "मॅडम, डॉक्टरांनी गुडघ्यासाठी व्यायाम सांगितलाय, सकाळी वीस मिनिटं खोलीत करीन, तुम्हाला त्रास होणार नाही ना?" डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर "मी गुडघ्यासाठी करते" म्हणा, खोटं कशाला. एकदा तोंडानं सांगितलं की मग चोरून करायचं राहत नाही. दोन, त्या अंघोळीला जातात तो वेळ पकडायचा, बँडचा एक मोठा फायदा हाच की आवाज होत नाही. आणि तिसरं, त्यांनाच एक बँड हातात द्यायचा. पन्नाशीच्या आसपासच्या बाईचे खांदे दुखत नाहीत असं क्वचितच असतं. नाही म्हणाल्या तर नाही. पण मॅडम तिरसट असतील, टोमणे मारणाऱ्या असतील, तर मग टूरवर ताकदीचा व्यायाम सोडून द्या, चालण्यावर भागवा आणि घरी आलं की दोन दिवस जिम करा. चार दिवसांसाठी रोज सकाळी मन मारून घेण्यात अर्थ नाही.

चालण्याचं पण तसंच. परक्या गावात संध्याकाळी सातनंतर एकट्या बाईनं भटकायला जा असं मी लिहिणार नाही, आणि सकाळी संस्थेची गाडी साडेनऊला दारात असते. पण एक बरं झालंय, आधी असं सांगायचे की हालचाल सलग दहा मिनिटांची असेल तरच धरायची, ती अट २०२० च्या तत्त्वांत काढून टाकली. म्हणजे तुकडे चालतात. दुपारी जेवण झाल्यावर संस्थेच्या आवारात पंधरा मिनिटं, फोनवर बोलताना उभं राहून येरझाऱ्या, स्टँडवर गाडीची वाट बघताना बाकड्यावर न बसता प्लॅटफॉर्मच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत. थोडं भरभर, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढं. आणि बसमध्ये चार तासांच्या वर बसून असाल तर मध्ये मध्ये पायाचे पंजे वर-खाली करत राहा, गाडी थांबली की खाली उतराच, चहा घेतला नाही तरी चालेल. एवढा वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की पायातलं रक्त साकळायचा धोका वाढतो, पायाला सूज येणाऱ्यांनी हे विशेष सांभाळा.

बँड विकत घेतल्यावर एक करा, घरी जिमच्या ट्रेनरसमोर एकदा सगळं करून बघा, म्हणजे लॉजवर पहिल्यांदाच पुड्या फोडून यूट्यूब बघत बसायला लागणार नाही. सांभाळायचं म्हणाल तर रबराचे दोन वैरी, ऊन आणि तेल. केसाला खोबरेल लावून तोच हात बँडला लावायचा नाही, गाडीच्या काचेमागं उन्हात ठेवायचा नाही, घाम पुसून सावलीत वाळवायचा. वापरायच्या आधी बोटांनी चाचपून बघायचं, कडेला बारीक चीर दिसली की तो बँड गेला, जोडून-बांधून वापरायचा नाही, ताणलेला तुटला तर डोळ्यावर बसतो. सहा-आठ महिन्यांनी मध्यम बँड हलका वाटायला लागेल तेव्हा एक जड घ्या, तोपर्यंत बाकीचं कार्ट रिकामंच असू दे.

विमानानं फिरणाऱ्या वाचकांसाठी थोडं वेगळं. देशातल्या बहुतेक फ्लाइटना केबिन बॅग सात किलोचीच, त्यामुळं तिथं पण बँडच बरा, लोखंडी डंबेल घेऊन सिक्युरिटीशी हुज्जत घालू नका. मसाज गन नेत असाल तर तिच्यात लिथियम बॅटरी असते, पॉवर बँकसारखी ती पण केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका. आणि ज्यांच्या हॉटेलात जिम आहे असं बुकिंगमध्ये लिहिलंय त्यांनी आधी फोन करून ती किती वाजता उघडते एवढं विचारा, सकाळी साडेआठला उघडणारी जिम नोकरीवाल्याच्या काय कामाची.